सायटिकावर घरी काय करावं? आधी कळ कुठपर्यंत उतरते ते बघा

तुमचा प्रश्न असा: वय ३८, बँकेत दिवसभर खुर्चीवर बसून काम, तीन आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ, एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज', म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली. डॉक्टरांनी गोळ्या आणि बेल्ट दिलाय. आई म्हणते महिनाभर अंथरुणातून उठू नकोस, मित्र म्हणतो योगासनं कर. घरी नक्की काय करायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात. माझ्याकडे ऊसतोड करणारे येतात, शिंपी येतात, शिक्षक येतात आणि तुमच्यासारखे बँकवालेही येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: 'मणक्यात गॅप आलाय.' त्या गॅपबद्दल पुढे बोलतो. आधी, घरी उपाय करणं तुमच्या बाबतीत चालेल का, ते ठरवू.

आत्ता उठून खोलीत दहा पावलं फक्त टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. टाचांवर चालताना उजवं पाऊल वर उचललंच जात नसेल, किंवा चवड्यावर उभं राहिल्यावर पोटरी साथ सोडत असेल, तर नस नुसती दुखत नाही, तिची ताकद कमी होते आहे. मग घरगुती उपाय बाजूला ठेवून दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. ताकद झपाट्याने कमी होत असेल तर त्याच दिवशी. आणि लघवी अडकत असेल किंवा नकळत होत असेल, जांघा आणि बसायची जागा बधिर झाली असेल, दोन्ही पाय लुळे पडल्यासारखे वाटत असतील, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे मणक्याचा टीबी. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, कूस बदलली तरी रात्रभर न थांबणारं दुखणं, यातलं काही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या.

यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस, जवळपास बोटाएवढी. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून आणि माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघणाऱ्या मुळ्या एकत्र येऊन ती बनते आणि कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली जाते. दोन मणक्यांमधल्या चकतीचा आतला मऊ भाग बाहेर डोकावला की मुळीवर दाब येतो. पण नुसत्या दाबाने एवढी कळ येत नाही. त्या मऊ भागातल्या रसायनांमुळे मुळीला सूज येते, आणि कळ मुख्यतः त्या सुजेची असते. म्हणून चकती जागेवर 'बसवावी' लागत नाही. सूज ओसरली की कळ उतरते, आणि बाहेर आलेला तुकडा बऱ्याच जणांच्या शरीरात हळूहळू शोषला जातो. गंमत म्हणजे मोठे, सुटे झालेले तुकडे साध्या फुगवट्यापेक्षा जास्त प्रमाणात विरतात.

आता तुमचा 'बल्ज', ज्याला पेशंट 'गॅप' म्हणतात. कंबरदुखी नसलेल्या धडधाकट माणसांचे एमआरआय पाहिलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिशीतल्या ४० टक्के आणि चाळिशीतल्या ५० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, आणि त्यांना काहीही त्रास नव्हता. त्यामुळे रिपोर्ट फायलीत ठेवा. रोज तो काढून वाचणारे पेशंट मी पाहतो, त्यांची कंबर वाकायलाच घाबरते.

घरी काय करायचं आणि काय टाळायचं, हे ठरवायला मी पेशंटना एकच मोजमाप देतो: कळ किती आहे यापेक्षा ती कुठपर्यंत उतरते ते बघा. आज पोटरीपर्यंत असलेली कळ उद्या मांडीपर्यंत आणि परवा फक्त कुल्ल्यात राहिली, तर तुम्ही बरे होताय. त्या काळात कंबर आधीपेक्षा जास्त ठणकली तरी घाबरू नका. उलट कंबर हलकी झाली पण कळ पोटरीतून पावलात उतरली, तर जे करताय ते थांबवा, मग ते योगगुरूंनी सांगितलेलं असो की मी.

याची सुरुवात एका योगायोगाने झाली. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण आला होता. त्याची पायातली कळ काही केल्या हटत नव्हती. तो खोलीत गेला आणि डोक्याची बाजू उंच केलेल्या टेबलावर पालथा झोपला. टेबल दुसऱ्याच रुग्णासाठी तसं ठेवलेलं होतं. मॅकेन्झी थोड्या वेळाने आत आले तर हा कमरेतून मागे वाकलेल्या अवस्थेत निवांत पडलेला, आणि म्हणतो काय, पायातलं दुखणं गेलं! त्या काळी असं मागे वाकवणं धोक्याचं मानलं जायचं. पुढे मॅकेन्झींनी त्यावरून एक अख्खी पद्धत उभी केली. आपल्याकडे चरकसंहितेत गृध्रसीचं, म्हणजे सायटिकाचंच, वर्णन आहे. त्यात दुखणं कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल असं क्रमाने उतरत जातं. आपल्याला नेमका हाच क्रम उलटा हवा आहे.

तर करून बघा. जमिनीवर चटई किंवा सतरंजी, पलंगाची मऊ गादी नको. पालथे झोपा, मान एका बाजूला, हात अंगाशी, दोन-तीन मिनिटं. कळ कुठे आहे ते मनात टिपून ठेवा. वाढली नसेल तर कोपरांवर टेकून छाती उचला आणि पुन्हा दोन मिनिटं तसेच राहा. तेही जमलं तर तळहात खांद्यांखाली घेऊन, हात सरळ करत छाती वर न्या आणि कमरेखालचं सगळं अंग ढिलं सोडा, ओटीपोट चटईकडे लोंबू द्या. क्षणभर थांबून खाली या. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. हे भुजंगासनच ना, असं तुम्ही विचाराल. दिसायला तसंच, पण भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात, इथे सगळं काम हातांनी करायचं आणि पाठीने आराम करायचा. सगळ्यांना हे लगेच लागू पडत नाही. काहींना सुरुवातीचे दिवस नुसतं पालथं पडणंच पुरतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. तुमच्या वयाला सहसा नाही, पण साठीच्या पुढच्या माणसाला चालताना पाय भरून येतात, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. तिथे नसांची वाटच अरुंद झालेली असते. अशांना मागे वाकवलं तर त्रास वाढतो. तुमच्या आईबाबांपैकी कुणाला पाय दुखतात म्हणून हाच व्यायाम त्यांच्या गळ्यात मारू नका.

योगासनांबद्दल मित्राचं चूक नाही, पण वेळ चुकते आहे. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, पाय सरळ ठेवून अंगठे धरणं हे सगळं सध्या बंद. सूर्यनमस्कारही. दुखऱ्या नसेला ताणून ती मोकळी होत नाही, चिडते.

आता आईंसाठी. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, अर्ध्यांना झेपेल तसं हिंडू-फिरू दिलं. दोन आठवड्यांनी पडून राहिलेल्यांपैकी ७० टक्के आणि हिंडणाऱ्यांपैकी ६५ टक्के सुधारले होते, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के. कळ असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस पडा, कुणी नावं ठेवणार नाही. त्यापुढे घरातल्या घरात, गॅलरीत, गल्लीच्या टोकापर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं चाला. एकदाच तासभर चालून नंतर दिवसभर विव्हळण्यापेक्षा हे बरं.

खरी मेख मात्र व्यायामात नाही, उरलेल्या दिवसात आहे. व्यायामाने मिळवलेलं तुम्ही बँकेच्या खुर्चीत आणि गाडीवर घालवता. अर्ध्या तासाच्या वर सलग बसू नका. उठा, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा हलकेच मागे वाका, मग बसा. खुर्चीत कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवा. मागच्या खिशातलं जाड पाकीट काढून टाका. दुचाकी काही आठवडे बंद ठेवता आली तर फार चांगलं. आपल्या रस्त्यांवर तो उपायांमधला सर्वांत स्वस्त उपाय आहे. घरी खाली मांडी घालून जेवू नका, उकिडवं बसून फरशी पुसू नका, बादली वाकून उचलू नका. शक्य असेल तर कमोड वापरा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथलं की कळ थेट पायात जाते. शिंक येतेय असं वाटलं की उभे राहा, भिंतीला हात टेका, कंबर ताठ ठेवा आणि मग खुशाल शिंका.

सकाळचा पहिला तास सगळ्यांत जपायचा. रात्रभर आडवं पडल्यावर चकती पाणी शोषून घेते आणि पावसाळ्यातल्या लाकडी दारासारखी फुगलेली असते. त्या वेळी वाकून बेसिनवर तोंड धुणं, मोजे घालणं, अंथरूण आवरणं महागात पडतं. उठतानाही सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताने रेटा देऊन उठा. झोपताना कुशीवर असाल तर गुडघ्यांमध्ये उशी, उताणे असाल तर गुडघ्यांखाली.

शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, नसेच्या मुळीपर्यंत तो पोचत नाही. तरी बरं वाटतं, तर घ्या: गरम पाण्याची पिशवी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, जे घरात असेल ते, पंधरा-वीस मिनिटं. पाय बधिर असेल किंवा मधुमेह असेल तर मात्र सांभाळा, कातडी भाजल्याचं कळतही नाही. तेल हलक्या हाताने चोळा, कुल्ल्यात कोपर खुपसून 'नस मोकळी' करणाऱ्यांपासून लांब राहा. गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घेतात. उसण ही स्नायूंची, ती आपोआपही दोन-चार दिवसांत जाते, म्हणून पायाळूचं नाव होतं. सायटिकात कुणाचीही लाथ नको, आणि कंबर कडाकड मोडून देणाराही नको. बेल्ट प्रवासापुरता ठीक, दिवसभर लावून बसू नका.

गोळ्या तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, पण दोन गोष्टी विचारून घ्या. वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतो, आणि रक्तदाबाच्या काही औषधांसोबत त्या मूत्रपिंडाला जड जातात. म्हणून कळ वाढली की केमिस्टकडून आणखी एक पाकीट आणायचं नाही. दुसरं, चिठ्ठीत प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्यावर देतात ते औषध) असेल तर त्याचा उपयोग होतोय का याची चर्चा करा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या २०९ रुग्णांवरच्या चाचणीत सायटिकासाठी प्रीगॅबालिन हे नुसत्या दिखाऊ, आत औषधच नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते हळूहळू कमी करावं लागतं.

किती दिवस? बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो. तुमचे तीनच झालेत. सहा आठवडे उलटूनही कळ पोटरीतच अडून बसली आणि झोप लागत नसेल तर सर्जनचं मत घ्यायला हरकत नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समधलाच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र सायटिका सहा ते बारा आठवडे टिकलेल्या २८३ जणांपैकी काहींचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच ऑपरेशन करावं लागलं, हेही खरं. म्हणजे ताकद शाबूत असेल तर घाई करायची की थांबायचं हे तुमच्या सहनशक्तीवर आणि नोकरीवर ठरतं, डॉक्टरांच्या धाकावर नव्हे.

आजपासून दोन दिवस पालथं पडून बघा आणि कळ वर सरकली की खाली गेली ते इथेच लिहा. खाली गेली असेल तर तुमच्यासाठी पुढचा क्रम वेगळा लागेल.