गॅजेट गप्पा: वॉकमनला रेकॉर्डचं बटण का नव्हतं?

सांगलीहून एक कॉलेजकन्या लिहिते: माळा आवरताना बाबांचा जुना वॉकमन सापडला. तो हातात घेऊन बाबा एकदम गप्पच झाले. गाणी तर तेव्हा टेपवर पण वाजायची, रेडिओवर पण. मग या डबीत एवढं काय होतं? यात रेकॉर्डिंग पण होत नाही, आणि आता तर तो चालू पण होत नाहीये. होईल का?

अगं, रेकॉर्डिंग होत नाही हे तू तक्रारीसारखं लिहिलंयस पण खरी गंमत तिथेच आहे! १९७९ ची गोष्ट. सोनीचे एक संस्थापक मासारु इबुका तेव्हा वयस्कर झालेले, कंपनीत मानद पदावर, आणि त्यांना लांबच्या विमानप्रवासात स्टिरिओ गाणी ऐकायची भारी हौस. कंपनीचाच एक पोर्टेबल रेकॉर्डर ते सोबत न्यायचे पण तो जड. मग त्यांनी टेप रेकॉर्डरवाल्या टीमला सांगितलं की पत्रकार वापरतात तो आपला छोटा प्रेसमन आहे ना, त्यातलं रेकॉर्डिंग काढा आणि मला फक्त ऐकण्यापुरतं स्टिरिओ करून द्या. टीमने रेकॉर्डिंगचा भाग काढला, स्पीकर काढला आणि त्या जागेत स्टिरिओचा अ‍ॅम्प्लिफायर बसवला. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी तो ऐकला आणि ठरवून टाकलं की हा तिकडच्या उन्हाळी सुट्टीच्या आत, कॉलेजच्या पोरांसाठी बाजारात यायलाच पाहिजे.

कंपनीत बऱ्याच जणांना हे अजिबात पटलं नव्हतं, की रेकॉर्ड न होणारा टेप रेकॉर्डर घेणार कोण? आणि त्यांचं चुकत होतं असं पण नाही, कारण तोपर्यंत अशी वस्तूच नव्हती, मग लोक मागणार कुठून. १ जुलै १९७९ ला तो जपानमध्ये आला, किंमत ३३,००० येन, पहिली खेप ३०,००० नगांची. पहिल्या महिन्यात विकले गेले साधारण ३,०००! मग काय केलं माहितीये का, कंपनीची पोरं वॉकमन लावून टोकियोच्या यामानोते लाईनच्या लोकलमधून फिरत बसली, शिंजुकू आणि गिन्झाच्या रस्त्यांवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानाला हेडफोन लावून दिले. कारण ही वस्तू सांगून कळणारी नव्हतीच, कानाला लावल्याशिवाय पटत नव्हती. ऑगस्ट संपेपर्यंत सगळा माल खलास.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे हेडफोन. तेव्हाचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असायचे, डोक्यावर हेल्मेट घातल्यासारखे, आणि वॉकमनसोबत आला तो फोमच्या गाद्यांचा, साधारण ५० ग्रॅमचा. तो नसता तर खिशात मावणारं मशीन असून पण काही उपयोग नव्हता. पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारंगी बटण होतं, ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन माईकमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. मोरितांना वाटत होतं की एकट्याने कानात घालून बसणं बरं दिसत नाही. पण लोकांना नेमकं एकट्यानेच ऐकायचं होतं! ते नारंगी बटण नंतर काढूनच टाकलं.

आता तुझ्या बाबांचं. आपल्याकडे घरात टेप एक, तो हॉलमध्ये, आणि त्यावर काय लागणार ते मोठी माणसं ठरवणार, सकाळी भक्तिगीतं, रात्री बातम्यांनंतर बंद. दुबईहून कोणाचे मामा किंवा काका आले की वॉकमन यायचा, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्यातरी नावाचा स्वस्तातला मिळायचा आणि त्याला पण सगळे वॉकमनच म्हणायचे. त्याच काळात आपल्याकडे कॅसेट पण स्वस्त झाली, पानटपरीपर्यंत पोचली, भीमगीतं, विठ्ठलाची गाणी, वगनाट्य, कथाकथन, सगळं कॅसेटवर. म्हणजे जोडीला ऐकायला ढीगभर माल तयार होता. आणि मग एसटीच्या खिडकीत बसून, शेजारी कोंबड्या घेऊन कोणी बसलंय, कंडक्टर ओरडतोय, आणि आपल्या कानात आपल्याला हवं तेच गाणं, हे त्या पिढीला पहिल्यांदा मिळालं गं. भरल्या घरात स्वतःची अशी एक खोली नसलेल्या पोराला ती कानात मिळाली. बाबा गप्प झाले ते त्यामुळे असतील असं मला वाटतं, पण तू विचार त्यांना, पहिली कुठली कॅसेट ऐकली ते नक्की सांगतील.

चालू व्हायची शक्यता बऱ्यापैकी आहे. आधी सेलचं झाकण उघड. आत पांढरी हिरवट पूड दिसली तर जुने सेल लीक झालेत, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पत्र्या पूस आणि नीट वाळू दे. मग सेल घालून प्ले दाब आणि कान लाव. मोटरची घूं ऐकू येतेय पण चाकं फिरत नाहीत? मग आतला रबरी बेल्ट गेलाय. तो इतक्या वर्षांत एकतर सैल पडतो नाहीतर चक्क वितळून डांबरासारखा चिकट होतो, हाताला लागला की निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते सगळं पुसून काढायचं आणि मापाचा नवीन बेल्ट टाकायचा, ऑनलाईन मिळतात. जुन्या टेपच्या दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलंस तर उत्तम. आणि बाबांची आवडती कॅसेट पहिल्याच झटक्यात घालू नकोस, आधी एखादी नको असलेली घालून बघ, टेप गुंडाळून खाल्ली तर जीव जाईल.

नाशिकहून दोन इंजिनिअर मित्र लिहितात: आम्ही द्राक्षबागेसाठी हवामान आणि पान ओलं आहे का ते सांगणारं छोटं यंत्र बनवतोय. प्रत्येक बागायतदार नवीन फीचर मागतो, कोणाला कॅमेरा हवा, कोणाला मोठा कलर स्क्रीन, कोणाला मराठीत बोलणारं पाहिजे. सगळं घातलं तर किंमत दुप्पट होते, नाही घातलं तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती. काय करावं?

तुमचं पत्र वाचून मला लगेच गुन्पेई योकोई आठवले. हा माणूस निन्टेंडोत १९६५ ला लागला तेव्हा ती पत्ते बनवणारी कंपनी होती आणि याचं काम मशीनींची देखभाल. पुढे त्याने गेम बॉय बनवला, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, १९८९ साली. त्याचा विचार असा होता की एकदम नवंकोरं, महाग तंत्रज्ञान घेऊ नका, जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्यात ते घ्या आणि त्याचा वेगळ्याच ठिकाणी वापर करा. त्याआधी १९८० मध्ये त्याने गेम अँड वॉच हे छोटे हातातले गेम आणले होते, तेव्हा कॅल्क्युलेटरवाल्या कंपन्यांच्या मारामारीत एलसीडी स्क्रीन स्वस्त झाल्या होत्या, त्याचाच फायदा घेतला.

गेम बॉयचा स्क्रीन तुम्ही बघितला असेल तर आठवा, हिरवट रंगाचा, फक्त चार छटा, मागून लाईट नाही, अंधारात खेळता येत नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, दोन्ही कलर, दोन्ही उजेडवाले, दुकानात शेजारी ठेवले तर गेम बॉय अगदी केविलवाणा दिसायचा. पण त्या दोघांना सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि काही तासांत ते बसायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-बारा तास सहज जायचा, किंमत कमी, आणि पोरांच्या हातून पडला तरी काही होत नव्हतं. गेम बॉय आणि त्याचा पुढचा कलर भाऊ धरून जवळपास ११ कोटी ८७ लाख विकले गेले. ते दोघे कुठे गेले ते शोधावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर नोकिया ११००. २००३ साली आला, तेव्हा बाजारात कॅमेऱ्याचे, कलर स्क्रीनचे फोन येऊन गेले होते. यात त्यातलं काहीच नाही! होतं काय, तर धूळ आत जाऊ नये म्हणून कीपॅडवर एकसंध रबरी कव्हर, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून खडबडीत कडा, आणि डोक्यावर टॉर्च. हा फोन ज्यांच्यासाठी केला त्यांच्या दिवसाचा विचार करून केला होता, हे तो हातात घेतला की कळायचं. ज्या महाराष्ट्रात तेव्हा गावोगाव लोडशेडिंग होतं, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला बांधावरून जावं लागायचं, तिथे त्या टॉर्चची किंमत मी तुम्हाला सांगायला नको, तुमचे बागायतदार सांगतील. जगभरात २५ कोटींच्या वर विकला गेला तो.

म्हणून माझं स्पष्ट मत, कॅमेरा नको, कलर स्क्रीन तर अजिबात नको. भर उन्हात बागेत कोण स्क्रीन बघत उभं राहणार आहे? बागायतदाराला रात्री झोपताना एकच प्रश्न असतो, उद्या सकाळी फवारणी घ्यायची का नाही, डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येईल का. पान किती तास ओलं होतं आणि तापमान काय होतं एवढ्यावर तुमचं यंत्र त्याचं उत्तर देऊ शकलं, आणि ते पावसात, औषधाच्या फवाऱ्यात, एका सोलर पॅनेलवर अख्खा सीझन न मरता टिकलं, तर तो दुसऱ्या बागेसाठी पण घेईल. मराठीत बोलण्याचं मात्र मनावर घ्या. त्यासाठी यंत्रात काही घालायची गरज नाही, आलेला आकडा मराठीत फोन करून सांगायची सोय सर्व्हरवरून होते, खर्च वाढतो तो थोडाच. आणि सोनीच्या पोरांसारखं करा, यंत्र एखाद्या बागेत महिनाभर फुकट लावून द्या आणि शेजारच्या चार जणांना तिथे चहाला बोलवा.

नागपूरहून एक वाचक: आमच्या लहानपणी जत्रेत '९९९९ इन वन' ब्रिक गेम मिळायचा. ती गेम बॉयचीच नक्कल होती का?

दिसायला हो, पण आतून एकदम वेगळं काम. गेम बॉयमध्ये कार्ट्रिज बदलून नवीन गेम घालता यायचा, ब्रिक गेमच्या चिपमध्ये जे भरलंय तेवढंच, आणि त्याचा स्क्रीन म्हणजे ठरलेल्या चौकोनांची जाळी. ९९९९ हा आकडा स्पीड आणि लेव्हल बदलून बदलून केलेला, मूळ गेम मोजकेच. त्यातला मुख्य गेम म्हणजे टेट्रिस, वरून पडणारे ठोकळे रचायचा, जो अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत लिहिला. त्याला रंग लागत नाहीत, भाषा लागत नाही, आज्जीला पण दोन मिनिटांत कळतो. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच तो दिला होता आणि त्यामुळे मोठी माणसं पण गेम बॉय घेऊ लागली.

कोल्हापूरहून एक स्टुडिओवाले लिहितात: वडिलांपासून फोटो स्टुडिओ आहे. मुलगा म्हणतो बंद करा, कोडॅकसारखी कंपनी टिकली नाही तर आपण कोण. पासपोर्ट फोटोवर दुकानाचं भाडं निघतं, बाकी काही नाही. तुमचं मत?

काका, कोडॅकची गोष्ट सगळे एकच बाजू धरून सांगतात, की त्यांना डिजिटल दिसलंच नाही. दिसलं होतं हो. पहिला डिजिटल कॅमेरा त्यांच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये बनवला, साडेतीन किलोच्या वर वजन, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे त्यांनी डिजिटल कॅमेरे विकले पण, २००५ च्या सुमारास अमेरिकेत विक्रीत ते सगळ्यात पुढे होते. तरी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कारण कॅमेरा एकदा विकला की संपलं, आणि त्यांचं पोट होतं रोल, केमिकल आणि कागदावर, म्हणजे लोकांनी दाबलेल्या प्रत्येक क्लिकवर. ती क्लिकमागची कमाई गेली आणि तिच्या जागी तेवढं काहीच आलं नाही. तुमचं पण तेच झालंय ना, रोल धुणं आणि प्रिंट गेले.

पण त्याच धंद्यात फुजीफिल्म होती, रोलची मागणी तिची पण २००० नंतर कोसळली. तिचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी लोकांना बसवून यादी करायला लावली की फिल्म बनवता बनवता आपल्याला काय काय येतं. पातळ थरावर थर चढवायला येतं, मग एलसीडी स्क्रीनला लागणारी फिल्म बनवली. फिल्ममध्ये कोलॅजन असतं आणि फोटोचा रंग उडू नये म्हणून काय करायचं ते माहितीये, मग २००७ मध्ये चेहऱ्याला लावायची क्रीम काढली! हे सगळं गोड गोड झालं नाही, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या त्यात. पण कंपनी उभी राहिली.

तशीच यादी तुम्ही मुलाला शेजारी बसवून करा. तुम्हाला लाईट लावता येते, रिटचिंग येतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वडिलांपासूनच्या निगेटिव्ह तुमच्याकडे असणार. अर्ध्या पेठेची लग्नं, बारशी, गेलेल्या माणसांचे फोटो त्या कपाटात आहेत आणि ते दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. लोक आज आजोबांच्या एका स्वच्छ फोटोसाठी चांगले पैसे द्यायला तयार असतात. चांगला फिल्म स्कॅनर घ्या, स्कॅन आणि दुरुस्तीचं काम मुलाकडे द्या, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि कुठला चेहरा कोणाचा ते ओळखणं तुमच्याकडे. कोणाचे फोटो कोणाला द्यायचे याचा नियम मात्र आधीच ठरवा, त्याच घरच्या माणसाला द्यायचे, दुसऱ्या कोणाला नाही.

आणि हे काम पावसाळ्याआधी सुरू करा, तुमच्याकडची हवा दमट. बॉक्स उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म आतून खराब होत चाललीये, तो बॉक्स बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवा आणि त्यातल्या निगेटिव्ह सगळ्यात आधी स्कॅनला घ्या. त्यानंतर रंगीत, कारण रंग आधी उडतात, वडिलांच्या काळातल्या ब्लॅक अँड व्हाईट नीट धुतलेल्या असल्या तर त्या अजून थांबतील. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात घाला, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि प्रत्येक पाकिटावर वर्ष आणि आडनाव आजच लिहायला घ्या, ते फक्त तुम्हालाच माहितीये.