कॉनरला मारू नकोस

प्रश्न : ताई, सुट्टीत 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' पहिल्यांदाच खेळतेय आणि रेडक्लिफच्या किल्ल्यात अडकलेय. कॉनर नावाच्या लहान मुलाच्या अंगात राक्षस शिरलाय. एक तर त्याला मारा, नाही तर त्याच्या आईचा बळी देऊन विधी करा, असं म्हणतायत. मी गेम सेव्ह करून बंद केलाय. जादूगार इतके धोकादायक असतील, तर टेम्पलर, म्हणजे त्यांच्यावर पहारा ठेवणारे सैनिक, त्यांना मनोऱ्यात कोंडतात ते बरोबरच ना?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी कॉनरचं बघू. तिसरा मार्ग आहे. कॅलेनहाड तलावातल्या सर्कलच्या, म्हणजे जादूगारांच्या संस्थेच्या, मनोऱ्यातून मदत आण. तिथले जादूगार आणि लिरियम (जादूला बळ देणारं खनिज) मिळालं, की कुणाचाही बळी न देता फेडमध्ये, म्हणजे स्वप्नांच्या आणि राक्षसांच्या जगात, उतरून राक्षसाला गाठता येतं. मनोऱ्यातल्या जादूगारांना तू आधीच टेम्पलरांच्या हाती मरू दिलं असशील, तर मात्र हा मार्ग बंद. अजून गेली नसशील तर खुशाल जा, तू परत येईपर्यंत किल्ल्यात काही बिघडत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न. धोका खरा आहे. मनोऱ्यात काय झालंय ते बघितलंस की टेम्पलर उगाच घाबरत नाहीत, हे तुला पटेल. पण हा राक्षस शिरतो कसा, ते नीट बघ. आपल्या गोष्टींत अवसेच्या रात्री पिंपळाखालून गेलं की भूत धरतं, विचारत बसत नाही. थेडासमध्ये, म्हणजे या खेळाच्या जगात, जिवंत जादूगाराच्या अंगात शिरायचं तर राक्षस बहुधा सौदा करतो. आधी तुमची नड ओळखतो, मग दार उघडायला सांगतो.

पुढच्या वेळी जादूगार होऊन खेळ सुरू कर. शिकाऊ जादूगाराची हॅरोइंग नावाची परीक्षा असते. त्याला फेडमध्ये राक्षसासमोर पाठवतात आणि बाहेर टेम्पलर तलवारी घेऊन उभे राहतात; हरला किंवा फार वेळ लावला तर मारायला. आत एक उंदीर भेटतो. म्हणतो, मीही तुझ्यासारखाच शिकाऊ होतो, उशीर झाला म्हणून टेम्पलरांनी मला मारलं. तो वाट दाखवतो, धीर देतो. समोरचा क्रोधाचा राक्षस पडला की हळूच म्हणतो, मला तुझ्यात येऊ दे ना, मीही सुटेन. तोच खरा राक्षस, गर्वाचा. तुमच्या अंगावर तो धावून येत नाही; त्याला फक्त तुमची दया हवी असते.

कॉनरचंही तेच झालं. बापावर विषप्रयोग झाला, पोरगं घाबरलं आणि बाबांना वाचवतो म्हणणाऱ्या लालसेच्या राक्षसाला हो म्हणालं. त्याला नाही म्हणायला कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्या मुलाला सर्कल घेऊन जाईल या भीतीनं त्याच्या आईनं, इसोल्डनं, त्याची जादू लपवली आणि चोरून शिक्षक ठेवला तो जोवान. हा जोवान मनोऱ्यातून पळालेला. रक्ताची जादू तो चोरून शिकला होता हे खरं, पण त्याला ट्रँक्विल करणार होते. म्हणजे फेडशी असलेला धागाच तोडायचा. जादू जाते, स्वप्नं जातात, रागलोभ सगळं जातं. त्या भीतीनं तो पळाला आणि पुढे त्यानंच राज्याचा सेनापती लोगेन याच्या सांगण्यावरून कॉनरच्या बापाला विष दिलं.

म्हणून मला टेम्पलरांचं म्हणणं अर्धंच पटतं. जादूगाराला शिकवायला हवं, त्याच्यावर लक्षही हवं. पण जिथे मदत मागायला जायचं त्याच जागेची आईला धास्ती वाटत असेल, तर पोर एकटं पडतं. राक्षसाला असंच एकटं माणूस लागतं. रेडक्लिफवर रोज रात्री चालून येणारी मढी तू पाहिलीसच. त्यांच्या मुळाशी हे एकटेपण आहे.

एक सांभाळ. फेडमध्ये लालसेचा राक्षस तुझ्याशीही सौदा करू बघेल : आत्ता मुलाला सोडतो, पुढे कधीतरी त्याच्याकडे परत येईन, बदल्यात तुला हवं ते देतो. घेऊ नकोस. लढ. फेडमध्ये जाणाऱ्या जादूगाराला चांगली हत्यारं देऊन ठेव, कारण तिथे बाकीचे सोबती बरोबर नसतात.