वाचक विचारतात: शेपटी टाकून पळालेली पाल

प्रश्न: कपाटामागची पाल झाडूने हुसकताना तिची शेपटी तुटून पडली आणि बराच वेळ वळवळत राहिली. ती पाल आता मरेल का? तुटलेल्या शेपटीतून दुसरी पाल होते म्हणतात, ते खरं का?

उत्तर: शेपटीला पाल फुटत नाही, पालीला शेपटी फुटते. तो तुकडा खुशाल केरात टाका.

आणि झाडूला दोष देऊ नका, शेपटी तिनेच टाकली. शेपटीच्या मणक्यांत तुटण्यासाठी ठरलेल्या जागा असतात. दोन मणक्यांच्या सांध्यात नव्हे, मणक्याच्या मधोमध. स्नायू आकसले की तिथे मणका फुटतो आणि रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जातात, म्हणून रक्त जेमतेम दिसतं. तुकड्यातल्या नसा काही काळ आपल्या आपण चालू राहतात. तुम्ही वळवळ बघत उभे राहता, तेवढ्यात बाईसाहेब पसार!

मरणार नाही, पण हा सौदा तिला महागात पडतो. चरबीचा बराच साठा शेपटीत असतो. शिवाय भिंतीवर पाय घसरला तर पाल शेपटी भिंतीला टेकवून तोल सावरते, आणि पडलीच तर हवेत शेपटी फिरवून पोटावर वळते. नवी शेपटी यायला काही आठवडे जातात, आणि तिच्यात मणके नसतातच, कूर्चेची एक सलग नळी असते. त्यामुळे पुढच्या वेळी तुटायचं तर जुन्या भागातच, अंगाच्या आणखी जवळ. माझ्या व्हरांड्यातल्या दिव्यापाशी येणारी एक पाल मी यावरूनच ओळखते: निम्मी शेपटी पट्ट्यापट्ट्यांची, पुढची निम्मी नुसती मातकट आणि जाडसर.

प्रश्न: पालीच्या पायांना चिकट द्रव असतो का? ती छताला उलटी कशी राहते?

उत्तर: द्रव नाही, गोंदही नाही. बोटांखालच्या आडव्या पट्ट्यांवर लाखो सूक्ष्म केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. ते पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात, की रेणू-रेणूंमधलं अगदी क्षीण आकर्षणही पुरतं. याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. पालीच्या बाबतीत त्याचा पुरावा 2002 साली प्रसिद्ध झाला. मला त्याहून मजेचं वाटतं ते सुटणं. पाल बोट टोकाकडून उलटं वळवते, पट्टी सोलल्यासारखं, आणि पाय अलगद मोकळा होतो. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिची मात्रा चालत नाही.

प्रश्न: पाल विषारी असते ना? घालवायची कशी?

उत्तर: विषारी पाल जगात कुठेच नाही. तिच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून लेंड्या पुसल्यावर साबणाने हात धुवा आणि अन्न झाकून ठेवा. घालवायची असेल तर रात्री बाहेरचा दिवा बंद करा. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाल. फवारे मारण्याच्या भानगडीत पडू नका. झुरळं आणि पतंग ती फुकटात खाते.