नेटवर्कची देखभाल बाहेरच्या कंपनीकडे द्यावी का?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा सुट्या भागांचा कारखाना असून कोल्हापूर शहरात कार्यालय आहे. दोन्हीकडे मिळून तीसएक संगणक आणि टॅलीचा एक सर्व्हर आहे. आजवर बिघाड झाला की ओळखीचे तंत्रज्ञ येऊन दुरुस्त करीत. आता पुण्यातील एक कंपनी मासिक शुल्क घेऊन सर्व व्यवस्था तिथूनच सांभाळायला तयार आहे. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : एवढ्या व्यापासाठी पूर्णवेळ जाणकार नेमणे परवडत नाही आणि बिघडल्यावरच बोलावण्याच्या पद्धतीत भरत आलेली डिस्क किंवा गुपचूप बंद पडलेला बॅकअप कोणाच्याच लक्षात येत नाही. त्यामुळे काम जरूर बाहेर द्यावे. मालकी मात्र देऊ नये. डोमेन (इंटरनेटवरील तुमचे नाव), ईमेलचे मुख्य खाते आणि फायरवॉलचा (बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेचा) परवाना तुमच्याच संस्थेच्या नावावर हवा, आणि ॲडमिन पासवर्डची एक प्रत बंद लिफाफ्यात तुमच्या तिजोरीत हवी. हे आधी केले नाही, तर करार संपवताना फार जड जाते.

ती कंपनी सर्व्हरमध्ये शिरणार कशी, हे स्पष्ट विचारा. त्यासाठी रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) 3389 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे आत येण्याचे दार, इंटरनेटवर थेट उघडे ठेवायचे असेल, तर ठाम नकार द्या, कारण खंडणीखोर टोळ्या अशीच दारे शोधत असतात. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खासगी मार्ग), प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र खाते आणि पासवर्डखेरीज ओटीपी, एवढे किमान हवेच.

एवढे करूनही धोका उरतो. जुलै 2021 मध्ये ‘आरईव्हिल’ या खंडणीखोर टोळीने कासेया कंपनीच्या, दुरून देखभाल करण्याच्याच सॉफ्टवेअरमधून अनेक व्यवसायांचे संगणक कुलूपबंद केले. स्वीडनमधील कूप या दुकानसाखळीचे गल्ले चालेनात आणि शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. म्हणून बॅकअपची एक प्रत देखभाल करणाऱ्यांच्याही हाती न लागणारी, काढून ठेवलेल्या डिस्कवर असावी. दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या संगणकावर तुमच्यासमोर उतरवून घ्या, टॅली उघडा आणि मागच्या आठवड्यातील एखादे व्हाउचर रकमेसह जुळते का, ते स्वतः पाहा. ‘बॅकअप यशस्वी’ या संदेशावर विसंबू नका.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावा लागतो आणि लॉग (संगणकांवरील घडामोडींच्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. ही जबाबदारी कराराने दुसऱ्यावर ढकलता येत नाही. म्हणून हल्ल्याची शंका येताच, रात्री-अपरात्रीही, तुम्हाला फोन करण्याची अट करारात घाला.

शेवटचा मुद्दा तुमच्या ओळखीच्या तंत्रज्ञांचा. संगणक एकमेकांना जोडणारा स्विच जळाला किंवा इंटरनेटच गेले, तर पुण्याहून काहीही करता येत नाही. तेव्हा त्यांच्याशी छोटा वार्षिक करार करावा आणि शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणीही घ्यावी.