वाचक विचारतात : मार्केटिंगची पदवी आणि बांगड्यांचा वाटा

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांना एकच वास येतो, प्रॉस्पेक्टसच्या नव्या कागदाचा. या खेपेला तीन पत्रं घेतली आहेत. तिसऱ्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण त्यात माझीच एक जुनी चोरी निघाली.

मुलगी बारावी कॉमर्स झाली. बीबीए करून मार्केटिंगमध्ये जायचं म्हणते. यजमान म्हणतात, शेवटी दारोदार फिरून वस्तूच विकायच्या ना? त्यापेक्षा साधं बी.कॉम. करून बँकेची परीक्षा दे. काय करावं? – एक आई, साखळी

वहिनी, यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. या धंद्यात बहुतेकांची सुरुवात विक्रीतच होते. बी.कॉम. झाल्यावर पहिली दोन वर्षं मी साबण आणि डासांच्या कॉइलची ऑर्डरवही घेऊन गोव्यातल्या डिचोली-सत्तरीतले पसरे, म्हणजे किराणा दुकानं, पालथे घातले. वाळपईच्या वाटेवर भर पावसात स्कूटर बंद पडणं हा माझा ठरलेला कार्यक्रम होता. पण कुठला साबण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहणार आणि कुठला खालच्या फळीवर धूळ खाणार, हे जाहिरातवाला नव्हे, पसरेकार ठरवतो, हे मला तिथेच कळलं. दारोदार फिरणं हलकं असतं तर सकाळी पाव घेऊन दारी येणाऱ्या पोदेराच्या पोंग्याकडे आपण कान लावून बसलो असतो का?

आता व्यवहाराचं. बँकेच्या अधिकारी-भरतीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे बीबीए केल्याने ती वाट बंद होत नाही, हे यजमानांना आधी सांगा, निम्मं भांडण तिथेच मिटेल. हिशेब, कर, ऑडिट यांत मुलीचं मन रमत असेल तर बी.कॉम. बरं. माणसं, बाजार, प्रोजेक्ट यांत रमत असेल तर बीबीए. २०२३-२४ पासून गोवा विद्यापीठात नवं शैक्षणिक धोरण लागू झालंय. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पुढे एमबीए करायचं झालं तर ताळगावच्या पठारावर विद्यापीठाचं गोवा बिझनेस स्कूल आहेच, बेळगाव-पुणे गाठलंच पाहिजे असं नाही.

एक मात्र बघा. २०२४-२५ पासून बीबीए हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, अखत्यारीत आलाय. जिथे प्रवेश घेणार तिथल्या ऑफिसात जाऊन मान्यतेचं पत्र दाखवा म्हणा. इमारतीचा रंग आणि गेटवरचा फलक मागाहून बघितला तरी चालेल.

माझं गणित कच्चं आहे म्हणूनच मार्केटिंग घेतोय. बरोबर केलं ना? – बारावीचा विद्यार्थी, पेडणे

नाही रे बाबा! १००० रुपयांच्या शर्टावर आधी २० टक्के आणि वर आणखी १० टक्के सूट दिली तर किती सूट झाली? ३० म्हणालास ना? ८००, मग ७२०, म्हणजे २८. दुसरं घे. ८० ला आणलेली वस्तू १०० ला विकली. नफा विक्रीच्या २० टक्के आणि खरेदीच्या २५ टक्के. एजन्सीवाला पहिल्याच दिवशी ‘मार्जिन किती देता?’ म्हणून विचारतो. कशावरचे टक्के ते न विचारता जो हो म्हणतो, तो महिनाअखेरीला साहेबांसमोर उभा असतो. इंटिग्रेशन तुला लागणार नाही. पण टक्केवारी, सरासरी आणि संख्याशास्त्राचा पेपर यांच्यापासून पळू नकोस. याहून जास्त तुला घाबरवत नाही.

मी पाचव्या सेमिस्टरला आहे. ‘सोशल मीडियावरील जाहिरातींचा ग्राहकांवर परिणाम’ असं प्रोजेक्ट घेतलं. फॉर्म ग्रुपवर टाकला, दोन दिवसांत ११२ उत्तरं आली. गाइड म्हणतात, सगळं फेकून दे. आता काय करू? – एक विद्यार्थिनी, म्हापसा

बाय, गाइडचं बरोबर आहे. त्या ११२ जणांत तुझ्या वर्गातले किती, चुलतभावंडं किती, ते मोज. सगळी विशीतली, सगळी तुझ्यासारखीच मोबाईलवर असलेली. त्यांच्यावरून ‘ग्राहक’ कसा आहे हे कसं सांगणार? शिवाय ‘जाहिरातींचा तुमच्यावर परिणाम होतो का?’ असं विचारलं की शहाणा माणूस ‘नाही’ म्हणतो आणि संध्याकाळी तोच शॅम्पू घेऊन घरी जातो. मत विचारू नकोस, गेल्या खेपेला काय घेतलं, कुठून, कितीला आणि का, ते विचार.

आता माझी चोरी. शेवटच्या वर्षी मला शंभर प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. साठ-बासष्ट जमल्या. उरलेल्या मी आणि मैत्रिणीने कॉलेजच्या कँटीनमध्ये, गड्डूचा चहा पीत, दोन दुपारी बसून भरल्या. अक्षर बदललं, वयं बदलली, एका काल्पनिक गृहिणीला पाच मुलंसुद्धा दिली. सरांनी गठ्ठा चाळला आणि दहा मिनिटांत आमच्या सगळ्या बाजूला काढल्या. कसं ओळखलं? म्हणाले, खऱ्या माणसांचे फॉर्म मळलेले असतात. कुणी तिसरा प्रश्न सोडतो, कुणी ‘म्हायत ना’ लिहितो, कुणी दोन खुणा करतो. आमच्या फॉर्मांतल्या एकाही माणसाला काही माहीत नाही असं नव्हतं.

शिक्षा म्हणून येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन किमतीवर चार पानं लिहून आणायला सांगितलं. पुस्तकात आम्ही मॅकार्थीचे चार ‘पी’ घोकले होते, १९६० सालचे : उत्पादन, किंमत, वितरण, प्रसार. किमतीवर तर मी झोपेतही लिहिलं असतं. मासळीच्या ओट्यांपाशी उभी राहिले. एक बाई बांगडे विकत होती, वाटे लावून. सकाळी वीस रुपयांच्या वाट्यात पाच बांगडे. साडेदहाला सहा. ऊन चढल्यावर आठ, आणि वर दोन पेडवे. तोंडातला भाव मात्र सकाळपासून एकच, ‘वीस, वीस’. मी विचारलं, भाव का नाही उतरवत? माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘भाव उतरयलो जाल्यार फाल्यां चडचो ना.’ आज उतरवलेला भाव उद्या चढत नाही.

हीच खोड मोठ्या कंपन्यांची, फक्त उलट दिशेने. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटं हलकी होत जातात. गिऱ्हाइकाच्या डोक्यात आकडा रुतलेला असतो, वजन रुतलेलं नसतं. ती बाई निदान आपल्या डोळ्यांसमोर मोजून घालत होती.

तेव्हा तुझा विषय टाकू नकोस, लहान कर. म्हापशातलीच एक गोष्ट धर. चतुर्थीच्या आधी माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान घेणारी माणसं, किंवा मे महिन्यात पुरुमेंताच्या, पावसाळ्याच्या साठवणीच्या, मिरच्या घेणाऱ्या बायका. मोबाईलवर बघून कुठला माल घेतला आणि हातात घेऊन, वास घेऊन कुठला, एवढंच विचार. खोल्याची मिरची घे हवं तर, तिला २०२० साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. ते चिन्ह कुणी विचारतं का, की ‘काणकोणची हां!’ हा विकणारणीचा शब्दच पुरतो? तीस माणसं पुरे, पण वेगवेगळ्या वयांची आणि समोरासमोर. ‘म्हायत ना’ आलं तर तेही लिही, खोडू नकोस.

आणि मोकळ्या हाताने प्रश्न विचारत उभी राहू नकोस, गिऱ्हाईक अडतं आणि बायका वैतागतात. आधी भवानी होऊ दे, सुटे पैसे जवळ ठेव आणि काहीतरी विकत घे. मी त्या दिवशी दोन वाटे बांगडे घेऊन कदंबाच्या सरकारी बसने घरी आले होते. बसमधल्या कुणी कुरकुर केली नाही, त्यांच्याही पिशव्यांत तेच होतं.