आधी आपली पातळी बघ

अगं, आयर्लंडमधल्या शाळेत रुजू झालीस म्हणून लगेच दहा अ‍ॅप शिकायला धावू नकोस. आधी युरोपीय आयोगाची 'सेल्फी फॉर टीचर्स' ही शिक्षकांच्या डिजिटल कौशल्यांची मोफत ऑनलाइन स्वयंचाचणी भर. २०२१ पासून आहे. सर्वात खालची ए१ ते सर्वात वरची सी२ अशा सहा पातळ्या असतात. ए२ आली तरी खट्टू होऊ नकोस.

मग एकच धडा बदल. मी अपूर्णांक शिकवताना टॅब्लेट वाटले, तर मुलं रंग भरण्यातच रमली. पुढच्या वेळी सांगितलं, सफरचंद कापा, फोटो काढा आणि पाव म्हणजे किती ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. कोण कुठे अडतंय, ते त्या आवाजातच कळलं!

नंतर 'ई-ट्विनिंग' या युरोपातल्या शाळांना जोडणाऱ्या ऑनलाइन मंचावर दुसऱ्या देशातली जोडीदार शिक्षिका शोध. एकटीने शिकत बसू नकोस गं.