मारणारा माझा मुलगा आहे, मार खाणारी माझी सून

प्रश्न : मी 63 वर्षांची आहे. मिस्टर गेले तेव्हापासून घर माझ्या नावावर आहे. मुलगा, सून आणि दोन नातवंडं माझ्याजवळच राहतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच मुलाचा सुनेवर हात उठायला लागला. मारायच्या आधी तो टीव्हीचा आवाज वाढवतो. मागच्या आठवड्यात त्यानं तिचा गळा धरला. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला होता, शेजारणीला तिनं सर्दी झाली म्हणून सांगितलं. दीर म्हणतात, चार माणसं बसवून समज देऊ. जाऊ म्हणते, सुनेला थोडे दिवस माहेरी पाठव. मी बोलले तर मुलगा तुटेल, केस झाली तर जेलात जाईल. काय करू?

उत्तर :

ताई,

आधी गळ्याचं बोलते, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. गळा दाबल्यावर बाहेरून कित्येकदा काहीच दिसत नाही, पण आत सूज येते, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, आणि त्रास काही दिवसांनी उफाळूनही येतो. आवाज बसणं हे त्याचंच लक्षण आहे. तिला उद्याच सरकारी दवाखान्यात न्या. श्वास लागत असेल, गिळता येत नसेल किंवा चक्कर येत असेल तर उद्याचीही वाट बघू नका. 'नवऱ्यानं गळा दाबला' हे तिला डॉक्टरांना सरळ सांगू द्या आणि केसपेपरवर तसंच लिहून घ्यायला सांगा. तो कागद पुढे फार कामाला येतो. आणखी एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. ज्या बाईचा गळा नवऱ्यानं एकदा दाबला, तिचा त्याच्या हातून जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आणि तो टीव्ही. आवाज बाहेर जाऊ नये एवढं ज्याला सुचतं, त्याला आपण काय करतोय हेही कळत असतं. त्याचा राग, दारू, कामाचा ताण यातलं काहीही तुम्ही त्याच्या वतीनं पुढे करू नका.

दिरांच्या बैठकीचं सांगते. अशा बैठकीत मारणाऱ्याला 'असं करू नये रे' म्हणतात आणि मार खाणारीला 'तूही जरा सांभाळून घे' म्हणतात. माणसं चहा पिऊन घरी जातात, आणि चारचौघांत आपली अब्रू गेली याचा वचपा त्या रात्री तिच्यावरच निघतो. हे मला इतक्या बायकांनी लिहून कळवलंय की गळा धरल्यानंतर अशी बैठक घेऊ नका, असंच मी ठामपणे सांगेन. जाऊबाईंचा सल्ला वरवर बरा वाटतो. सुनेला स्वतःला काही दिवस लांब राहायचं असेल तर जरूर जाऊ दे. पण मार तिनं खायचा आणि घर, पोरांची शाळा, सगळंही तिनंच सोडायचं, हा कुठला न्याय?

कायदाही इथे तिच्या बाजूनं उभा आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सांगतो की ज्या घरात ती नांदते तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरातही हा हक्क लागू होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. उलट, नवऱ्यानंच घराबाहेर राहावं असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, तिचं स्त्रीधन परत मिळणं, हे सगळं त्याच एका अर्जात मागता येतं. अर्ज निकाली निघायला कायद्यानं 60 दिवसांची अपेक्षा ठेवली आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण अंतरिम आदेश आधी मिळू शकतो.

जेलची तुमची धास्ती समजते. या अर्जानं लगेच कुणी जेलात जात नाही. तिला हात लावायचा नाही, असा आदेश निघाला आणि त्यानं तो मोडला, तर मात्र तो गुन्हा होतो. वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांत फौजदारी गुन्हा नोंदवण्याची वाट वेगळी आहे. ती धरायची की नाही हे सुनेनं ठरवायचं, तुम्ही किंवा मी नाही.

जायचं कुठे? महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घडलेल्या गोष्टींचा अहवाल तयार करतात आणि अर्जाला मदत करतात. 181 वर फोन केला की जवळचं सखी केंद्र कळतं. तिथे सल्ला, वकील, औषधोपचार आणि तात्पुरता निवारा यांची एकाच जागी सोय असते. आपल्या राज्यात महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. 1984 साली मुंबईत पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू झाला. तिथल्या समाजकार्यकर्त्या शांतपणे सगळं ऐकून घेतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला वकील मोफत देतं, तिचं उत्पन्न कितीही असो. प्रसंग चालू असेल तर मात्र थेट 112.

आता तुमचं काम. मुलगा कामावर गेला की तिच्याजवळ बसा आणि सांगा, 'मला सगळं ऐकू येतं. तुझी चूक नाही. हे घर तुझंही आहे, आणि कोर्टात विचारलं तर मी खरं सांगेन.' सासूचा शब्द कोर्टात फार वजनदार ठरतो. सून आजवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय, आणि तिला कदाचित वाटतंय की तुम्हाला हे मान्य आहे.

मुलाशी बोलायचं ते तिची सोय लागल्यानंतर, दिवसा, तो शुद्धीत असताना आणि घरात विश्वासाचं कुणी असताना. मारहाण चालू असेल तेव्हा मध्ये पडू नका, पोरांना घेऊन बाहेर पडा आणि फोन करा. घर इतक्यात त्याच्या नावावर करू नका, त्यानं कितीही गळ घातली तरी. त्यानं उद्या तुमच्यावरही हात उगारला तर याच कायद्याखाली तुम्हीही अर्ज करू शकता.

तो तुटेल का? काही काळ तुटेल, तुम्हाला नको ते बोलेल. त्याला हा सगळा प्रकार बंद करायचा असेल तर समुपदेशन मिळू शकतं, पण ते त्यानं स्वतःहून घ्यायला हवं, आणि तोवर सुनेनं त्याच्यासोबत एका खोलीत राहण्याची गरज नाही.

सून कदाचित 'आत्ता नको' म्हणेल. पोरांकडे बघून म्हणेल, भीतीनं म्हणेल. तिला घाई करू नका आणि तिच्या मागे परस्पर तक्रारही करू नका, जिवावर बेतलं असेल ती वेळ सोडून. तोवर आधार कार्ड, पोरांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, थोडे पैसे आणि दवाखान्याचा तो कागद एका पिशवीत घालून विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. तिचा फोन मुलगा तपासत असेल, तर फोन तुमच्या मोबाइलवरून करा.